फॅलेनॉप्सिस ऑर्किड घरात जगवण्याची आणि पुन्हा फुलवण्याची रीत

भेट म्हणून आलेलं ऑर्किड दोन-तीन महिने छान फुलतं. मग फुलं गळतात, पानं मऊ पडतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पाणी कमी पडतंय त्याला.’ रोज थोडं थोडं पाणी सुरू होतं आणि पावसाळा संपेपर्यंत झाड गेलेलं असतं. बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं नसतंच. मुळं आधीच कुजलेली असतात, कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं लोळतात. त्यावर आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही जातात.

हा लेख फॅलेनॉप्सिससाठी आहे. नर्सरीत किंवा फुलांच्या दुकानात कुंडीत ‘ऑर्किड’ म्हणून जे मिळतं, ते बहुधा हेच असतं. रुंद, जाड, तुकतुकीत पानं बुंध्यापासून दोन्ही बाजूंना एकाआड एक निघतात आणि लांब दांड्यावर पतंगासारखी सपाट फुलं येतात. तुमच्या झाडाला बोटाएवढी जाड, पेरांची उभी कांडी असतील तर ते डेंड्रोबियम असेल. त्याला यापेक्षा बरंच जास्त ऊन लागतं. कुंडीशिवाय लोंबती मुळं घेऊन टांगलेलं असेल तर बहुधा व्हँडा, त्याचं पाण्याचं वेळापत्रकच वेगळं. म्हणून आधी झाड ओळखा.

फॅलेनॉप्सिस मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलात झाडांच्या खोडांना धरून वाढणारं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखा एक जाड थर असतो. सर आली की तो भराभर पाणी शोषतो, वारा लागला की सुकतो. मुळांनी भिजायचं आणि मग हवेशीर सुकायचं, ही फेरी घरातल्या कुंडीत चालू ठेवणं एवढंच खरं काम आहे. खाली जे जे सांगितलंय ते सगळं त्यासाठीच.

टप्प्यांचा क्रमही सांभाळा. आधी जागा, मग मुळांची तपासणी, मग पाणी, आणि खत त्यानंतर. बरेच जण सुरुवात खतापासून करतात आणि खिडकी मात्र चुकीची असते.

## टप्पा १ : विकत घेताना

फुलांकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी पारदर्शक कुंडी उचलून बाजूंनी आत पाहा. टणक, हिरवी किंवा रुपेरी मुळं दिसली तर झाड चांगलं. तपकिरी, पिचलेली, भिंतीला चिकटलेली मुळं जास्त दिसली तर फुलं कितीही सुंदर असोत, ठेवून द्या. मग दोन पानांच्या मधला गाभा बघा. तो घट्ट आणि कोरडा हवा. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. तो कुजला तर त्या जागी नवं पान येत नाही.

सगळी फुलं उमललेलं झाड घेण्यापेक्षा निम्म्या कळ्या अजून मिटलेल्या असतील असं घ्या, म्हणजे घरी जास्त दिवस फुलं बघायला मिळतील. टोकाच्या कळ्या पिवळ्या पडलेल्या असतील तर झाडाने प्रवासात किंवा दुकानात हाल सोसलेत असं समजा.

सावधान : सह्याद्रीतल्या झाडांवर आमरी, सीतेची वेणी अशी सुंदर ऑर्किड असतात. ती जंगलातून काढून आणू नका. खोडावरून खरवडताना त्यांची मुळं तुटतात आणि खोलीच्या उजेडात ती बहुतेक टिकत नाहीत. जंगलातून मात्र ती कायमची जातात.

## टप्पा २ : जागा

फॅलेनॉप्सिसला उजेड भरपूर हवा, ऊन मात्र थेट नको. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात चांगली पूर्वेची खिडकी. सकाळचं आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन पानांवर आलं तर चालतं, पुढे नुसता उजेड हवा. उत्तरेची खिडकी मोकळी असेल, समोर इमारत चिकटलेली नसेल, तर तिथेही झाड राहतं, पण फुलायला वेळ लावतं. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडकीत पातळ पांढरा पडदा किंवा हिरवी शेडनेट लावावीच लागते. पुणे, नाशिक, नागपूरकडे मार्च ते मे या काळात पश्चिमेच्या काचेमागे पान एका दुपारीत भाजतं. भाजलेला डाग आधी पांढुरका, मग काळा पडतो आणि तो कधी जात नाही.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी झाडाच्या जागी हात धरा आणि खाली पडणारी सावली बघा.

- सावलीच्या कडा ठळक, धारदार दिसल्या तर ऊन जास्त आहे.
- सावली दिसते पण कडा धूसर आहेत, म्हणजे जागा बरोबर.
- सावली पडतच नाही, तर झाड जगेल, फुलणार नाही.

महिनाभराने पानंच सांगतात. गर्द, काळपट हिरवी आणि लांबलचक होत चाललेली पानं म्हणजे उजेड कमी. पिवळसर छटा आणि कडांना लाली म्हणजे जास्त. मध्यम, पोपटीकडे झुकणारा हिरवा रंग म्हणजे सगळं नीट चाललंय.

टीव्हीशेजारचा कोपरा, दिवाणखान्याच्या मधलं टेबल, देवघराजवळची जागा हे सगळं फुलं असेपर्यंत सजावटीला ठीक आहे. तिथे झाड वाढत नाही, साठवलेल्या ताकदीवर दिवस काढतं. फुलं संपली की त्याला खिडकीपाशी न्या.

वारा खेळता हवा, पण अंगावर झोत नको. एसीच्या थेट समोर कळ्या वाळून गळतात. मंद पंखा चालतो. पावसाळ्यात तर तो फार उपयोगी पडतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड चांगला असला तरी फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ पानांवर बसते, म्हणून ती जागा टाळलेली बरी.

सावधान : फुलं किंवा कळ्या असताना पिकणारी फळं जवळ ठेवू नका. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात. एप्रिल-मे महिन्यांत ज्या खोलीत आंब्याची अढी लावली असेल, त्या खोलीत ऑर्किड नकोच.

## टप्पा ३ : घरी आणल्यावर पहिली तपासणी

पहिल्याच आठवड्यात, फुलं न हलवता, हे करा.

१. बाहेरच्या शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीतून आतली प्लॅस्टिकची कुंडी उचला. तळाशी पाणी साठलेलं असतं. ते ओता. भेट म्हणून येणाऱ्या मोठ्या भांड्यात दोन-तीन झाडं एकत्र बसवलेली असतात आणि त्या भांड्याला बहुधा भोक नसतं. झाडं आपापल्या कुंड्यांसकट बाहेर काढून वेगवेगळी ठेवा.

२. वर टाकलेले रंगीत खडे, काचेच्या गोट्या, चकचकीत कागद, फीत, सगळं काढून टाका. त्यांनी हवा अडते आणि आत ओल किती आहे ते दिसत नाही.

३. बोटाने वरचं मॉस (ज्यात रोप लावलेलं असतं ते वाळलेलं शेवाळ) जरा बाजूला करून बुंध्याखाली चाचपा. रोप लहान असताना ज्या गुठळीत किंवा छोट्या जाळीच्या कपात वाढवलेलं असतं, तो गोळा कित्येकदा मधोमध तसाच असतो. बाहेरचं मॉस सुकलं तरी तो गोळा ओलाच राहतो. बुंध्याजवळची कूज बहुतेक तिथूनच सुरू होते. आता तो काढायचा नाही, फक्त आहे की नाही ते लक्षात ठेवा. टप्पा ६ मध्ये काढू.

४. पानांच्या खालच्या बाजू आणि बगला बघा. कापसासारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी खवले दिसले तर झाड इतर झाडांपासून वेगळं ठेवा.

फुलं असताना कुंडी बदलू नये. त्याला एकच अपवाद आहे. आतून कुजका वास येत असेल आणि मुळं काळी दिसत असतील तर दांडा कापून फुलदाणीत ठेवा आणि लगेच कुंडी बदला. फुलं तशीही टिकणार नसतात.

## टप्पा ४ : पाणी

लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

‘आठवड्यातून किती वेळा?’ हा प्रश्नच मनातून काढून टाका. एकच झाड मेमधल्या नागपुरात चार दिवसांत सुकतं आणि जुलैमधल्या रत्नागिरीत बारा दिवस ओलं राहतं. कुंडीतलं मिश्रण कसलं आहे त्यावरही ते ठरतं : स्फॅग्नम मॉसमध्ये ओल जास्त टिकते, पाइनच्या सालीच्या तुकड्यांत कमी. पाणी कधी घालायचं ते मुळं सांगतात.

मुळं अशी वाचा. भिजलेलं निरोगी मूळ हिरवं दिसतं, सुकलेलं रुपेरी-राखाडी. पारदर्शक कुंडीच्या भिंतीलगतची बहुतेक मुळं रुपेरी झाली आणि आतून बाष्पाचे थेंब दिसेनासे झाले की पाणी घाला. हिरवी मुळं दिसताहेत तोवर थांबा. कुंडी पारदर्शक नसेल तर बांबूची बारीक काडी मधोमध खोल खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी गार आणि ओलसर लागली तर आज पाणी नको. कुंडीचं वजनही काही दिवसांत हाताला कळू लागतं.

पाणी असं घाला.

१. वेळ सकाळची. दिवसभरात पानांच्या बगलांतलं पाणी सुकून जातं. रात्री घातलेलं पाणी गाभ्यात राहतं आणि तिथे कूज धरते.

२. प्लॅस्टिकची कुंडी बादलीत अशी ठेवा की पाणी कुंडीच्या कडेच्या बोटभर खाली राहील. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मॉस खडखडीत वाळलेलं असेल तर ते सुरुवातीला पाणी झिडकारतं, तेव्हा वीस मिनिटं ठेवा.

३. कुंडी उचलून जाळीवर किंवा मोरीत पूर्ण निथळू द्या. थेंब पडायचे थांबले की मगच बाहेरच्या भांड्यात ठेवा.

४. गाभ्यात पाणी गेलं असेल तर टिश्यूपेपरच्या टोकाने टिपून घ्या. एवढंसं काम असल्यामुळे लोक ते सोडून देतात आणि पावसाळ्यात झाड शेंड्यातून जातं.

दोन-तीन कुंड्या असतील तर एकाच बादलीत एकापाठोपाठ बुडवू नका. एकीतला रोग पाण्यातून सगळ्यांना लागतो. वरून नळाच्या बारीक धारेने, पानं वाचवत, मिश्रण पूर्ण भिजेपर्यंत पाणी घातलं तरी चालतं.

पाणी कुठलं? पावसाचं सगळ्यात उत्तम. नगरपालिकेचं नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवून वापरा. बोअरचं जड पाणी सतत वापरलं तर कुंडीच्या कडांवर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं करपतात. अशा घरांत आरओचं शुद्ध पाणी अर्धं मिसळा. पण आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी ऑर्किडला कधीच देऊ नका. पाणी वाचवण्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरा. वॉटर सॉफ्टनरमधून आलेलं पाणीही नको, त्यात सोडियम असतं.

बर्फाचे तीन खडे आठवड्याला ठेवायचे, असा सल्ला सगळीकडे फिरत असतो. त्याने पाणी मोजून पडतं एवढं खरं. पण आपल्या उन्हाळ्यात तेवढ्याने मधली मुळं भिजतही नाहीत, आणि निम्मी भिजलेली कुंडी क्षार साठवत राहते. नीट भिजवून नीट निथळू देणं हाच सरळ मार्ग.

फवारणीने तहान भागत नाही. कोरड्या हवेत बाहेर लोंबणाऱ्या मुळांवर सकाळी हलका फवारा मारायला हरकत नाही, पानांच्या बेचक्यात मात्र पाणी जाऊ देऊ नका. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवायची असेल तर तिचा तळ पाण्याला टेकता कामा नये.

तपासा : पानं लोळली आहेत? पाण्याकडे धावण्याआधी मुळं बघा. मुळं रुपेरी, टणक आणि मिश्रण कोरडं असेल तर झाड तहानलेलं आहे, भिजवा. मुळं तपकिरी, मऊ आणि मिश्रण ओलं असेल तर पाणी पूर्ण बंद करा आणि थेट टप्पा ६ वर जा. पानांवरून या दोन्हींत फरक कळत नाही.

## टप्पा ५ : खत

खत फार कमी लागतं. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ किंवा २०:२०:२० विद्राव्य खत पुरेसं आहे. एका लिटरला अर्धा ग्रॅम घ्या, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला साधारण एक सपाट चहाचा चमचा. नवं पान किंवा नवी मुळं वाढत असतील तेव्हा दोन आठवड्यांतून एकदा. आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून घ्या, मग खताचं पाणी द्या. सुकलेल्या मुळांवर खत पडलं तर टोकं जळतात. महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने कुंडी धुवा, म्हणजे साठलेले क्षार निघून जातील.

शेणखत, गांडूळखत, वापरलेली चहापूड, केळीच्या सालीचं पाणी हे गुलाबाला आणि जास्वंदाला द्या. ऑर्किडच्या कुंडीत त्यांनी छिद्रं बुजतात, बुरशी आणि चिलटं येतात. आजारी किंवा मुळं गेलेल्या झाडाला कसलंच खत नको.

## टप्पा ६ : कुंडी आणि मिश्रण बदलणं

साल आणि मॉस दीड-दोन वर्षांत कुजून पिठूळ होतात आणि हवा खेळेनाशी होते. तेव्हा बदल करावाच लागतो. विकत आणलेल्या झाडाची कुंडी मात्र पहिली फुलं संपली की बदलून टाका, मधला तो गोळा काढण्यासाठी.

वेळ महत्त्वाची. फुलं संपलेली हवीत आणि नव्या मुळांची हिरवी किंवा लालसर टोकं दिसायला लागलेली हवीत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेच्या होरपळीत आणि कोकणात जुलै-ऑगस्टच्या संततधारेत हे काम टाळा. फेब्रुवारी-मार्च किंवा जूनचा पूर्वार्ध बहुतेक ठिकाणी सोयीचा. मुळं कुजली असतील तर मुहूर्त बघायचा नाही.

### साहित्य

- कुंडी : पारदर्शक प्लॅस्टिकची, तळाला आणि बाजूंना भरपूर भोकं असलेली. आकार मुळांच्या घेराएवढाच, बहुतेक झाडांना चार ते पाच इंच पुरतात. मोठी कुंडी म्हणजे झाडावर उपकार, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही.
- मिश्रण : पाइनच्या सालीचे एक ते दोन सेंटीमीटरचे तुकडे तीन भाग, लोणारी कोळशाचे तेवढेच तुकडे एक भाग. कोरड्या हवेच्या गावी त्यात मूठभर स्फॅग्नम मॉस. साल मिळाली नाही तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. पण त्यात क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजत ठेवा आणि पाण्याचा तांबडा रंग बराच कमी झाला की वापरा. शेगडीसाठी साच्यात दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या घेऊ नका, साधा लाकडाचा कोळसा घ्या.
- हत्यारं : धारदार कात्री किंवा ब्लेड, सर्जिकल स्पिरिट, दालचिनीची पूड, आधाराला काडी.

माती नाही. कोकोपीटही नाही. ही चूक इतकी होते की परत सांगतो : कोकोपीट म्हणजे सोडणाचा भुगा, तो पाणी धरून बसतो आणि मुळं गुदमरतात. तुकडे वेगळे, भुगा वेगळा.

### कृती

१. आदल्या रात्री साल आणि कोळसा पाण्यात भिजत घाला. कोरडी साल सुरुवातीला पाणी धरत नाही. सकाळी चाळणीत धुऊन बारीक चुरा टाकून द्या.

२. झाडाची कुंडी अर्धा तास भिजवा. भिजलेली मुळं लवचीक होतात आणि मोडत नाहीत. कुंडी बाजूंनी दाबून सैल करा. निघत नसेल तर कुंडी कापा, मुळं ओढू नका.

३. जुनं मॉस बोटांनी सावकाश सोडवा. मधला गोळा किंवा जाळीचा कप कात्रीने तुकडे करत काढा. याला वेळ लागतो, लागू द्या.

४. कात्री स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या. प्रत्येक नव्या झाडाला हात लावण्याआधी पुन्हा पुसा. विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्याला लागतो आणि त्यावर औषध नाही. नुसत्या स्पिरिटने तो हमखास मरत नाही, म्हणून प्रत्येक झाडाला नवं ब्लेड घेतलेलं उत्तम.

५. प्रत्येक मूळ चिमटीत दाबून बघा. टणक असेल तर ठेवा. पोकळ, पिचपिचीत किंवा साल निसटून आत फक्त दोरा राहत असेल तर कापा. रंगावर जाऊ नका. कुंडीच्या मध्यावर, जिथे उजेड पोचत नाही तिथली निरोगी मुळं पिवळसरच असतात. पिवळी म्हणून ती कापून टाकणं ही फार नुकसान करणारी चूक आहे.

६. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावा, फक्त टोकांना. निरोगी मुळांवर भुरभुरली तर तीही वाळतात.

७. झाड सावलीत, कागदावर आडवं ठेवून काही तास जखमा सुकू द्या.

८. कुंडीत झाड असं धरा की सगळ्यात खालचं पान कडेच्या जरा वर येईल. मुळं गोल फिरवत आत बसवा. भिजवलेल्या सालीचे तुकडे थोडे थोडे घालत कुंडी बाजूंनी टपटप ठोका. बुंध्याभोवती मिश्रणाचा ढीग करू नका, गाभा उघडा राहिला पाहिजे.

९. हवेत वाढलेली मुळं सक्तीने आत कोंबू नका आणि कापूही नका. ती हवेत वाढण्यासाठीच निघालेली असतात, कुंडीत गाडली तर बहुधा कुजतात.

१०. झाड डुगडुगत असेल तर काडीला सैल बांधा. हलत्या झाडाची नवी टोकं घासून तुटतात.

त्यानंतर तीन-चार दिवस पाणी नको, भिजवलेल्या सालीतली ओल पुरते. उजेड नेहमीपेक्षा कमी द्या. एखादं खालचं पान पिवळं पडेल, त्याची काळजी करू नका. खत महिनाभर नाही.

तपासा : झाड पानांपाशी हलकेच उचललं तर कुंडी सोबत उचलली जाते का? तसं झालं तर पकड नीट बसली. झाड सटकत असेल तर बाजूंनी आणखी तुकडे भरा.

## टप्पा ७ : पावसाळा सांभाळणं

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा सगळ्यात धोक्याचा काळ आहे, उन्हाळा त्यामानाने सोपा. झाड बाल्कनीत पावसात ठेवू नका. जंगलात ते तिरकं लोंबतं, म्हणून गाभ्यात पाणी थांबत नाही. कुंडीत ते सरळ उभं असतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवायचंच असेल तर वर पत्रा किंवा छप्पर हवं. दोन पाण्यांमधलं अंतर आपोआप वाढू द्या, पंखा मंद चालू ठेवा आणि दर रविवारी गाभ्याकडे एकदा नजर टाका. गोगलगायी रात्री येतात, कोवळी मुळांची टोकं आणि कळ्या खातात. टॉर्च घेऊन शोधा आणि उचलून बाहेर टाका.

## टप्पा ८ : पुन्हा फुलं आणणं

फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार तरी चांगली पानं असतील तर बुंध्याकडून मोजत तिसऱ्या पेराच्या बोटभर वर कापा. त्या पेरातून कधी कधी फांदी फुटून छोटा फुलोरा येतो. झाड अशक्त असेल, मुळं कमी असतील तर दांडा बुडापासूनच काढा. दुसऱ्या फुलोऱ्याच्या मोहात अशक्त झाड आणखी झिजतं. तपकिरी वाळलेला दांडा तर कापायचाच.

नवा दांडा यायला झाडाला थंडाव्याचा इशारा लागतो. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर दांडा सहसा येत नाही, झाड नुसती पानं काढत राहतं. दिवसा २५ च्या आसपास आणि रात्री १८ ते २० अंश असे काही आठवडे मिळाले की पानाच्या बगलेतून दांडा फुटतो. पुणे-नाशिककडे हे ऑक्टोबर अखेरीपासून आपसूक घडतं. मुंबई, कोकण, गोव्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री झाड उघड्या खिडकीपाशी ठेवा. उन्हाळी एसीच्या खोलीत, झोत टाळून ठेवलं तरी काहींना दांडा येतो. मात्र नाशिक-पुण्याच्या कडाक्याच्या रात्री, पारा १३-१४ च्या खाली जाईल असं वाटलं तर झाड आत घ्या. पानांवर पाणथळ काळे चट्टे पडतात ते गारठ्याचेच.

बगलेतून निघालेला कोंब दांडा आहे की मूळ? टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर मूळ. टोकाला हातमोज्याच्या अंगठ्यासारखा चपटा खाचदार आकार असेल आणि कोंब उजेडाकडे वर वळत असेल तर दांडा. शंका असेल तर दहा दिवस थांबा, आपोआप कळेल.

दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका. तो उजेडाकडे वाढतो. रोज दिशा बदलली तर वाकडातिकडा होतो आणि फुलं चारी दिशांना तोंडं करतात. एक वीतभर झाला की काडीचा आधार द्या, चिमटा सैल लावा. कोंब दिसल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत तीन ते चार महिने जातात.

## कीड आणि कूज

पांढरी कापसासारखी पिठ्या ढेकूण आणि तपकिरी खवले कीड, दोन्ही पानांच्या बगलांत लपतात. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक कीड पुसून काढा. दर पाच-सहा दिवसांनी, तीन-चार वेळा. एकदा पुसून थांबलात तर अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. फार पसरली असेल तर लिटरभर पाण्यात तीन-चार मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबणाचं पाणी नीट घुसळून संध्याकाळी फवारा आणि गाभा टिपून कोरडा करा. तेल लागलेल्या पानांवर ऊन पडू देऊ नका.

पानावर झपाट्याने पसरणारा पाणथळ तपकिरी डाग म्हणजे जिवाणूजन्य कूज. डागाच्या बोटभर पलीकडे, निरोगी भागात काप घ्या, कडेला दालचिनी लावा, आणि काही दिवस झाड कोरडं, वाऱ्याला ठेवा.

## मुळं जवळजवळ उरलीच नसतील तर

टणक मूळ एखादंच आहे किंवा तेही नाही, पण गाभा घट्ट आणि हिरवा आहे, असं झाड अजून वाचू शकतं. कुजकं सगळं कापून जखमा दिवसभर सुकवा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट पिळलेलं, जेमतेम ओलसर स्फॅग्नम पसरा. त्यावर झाड असं ठेवा की बुंधा मॉसला टेकेल पण गाडला जाणार नाही. झाकण फटीएवढं उघडं ठेवून डबा उजेडात, उन्हापासून दूर ठेवा. दोन दिवसांनी एकदा झाकण उघडून वारा द्या. पाणी घालायचं नाही, मॉस कोरडं पडलं तरच फवारा.

पानं सुरकुतलेलीच राहतील, तशीच राहू द्या. नवी मुळं यायला कित्येक आठवडे, थंडीत काही महिनेही लागतात. बुंध्यातून हिरवं टोक निघालं की मॉसची ओल तेवढीच ठेवा. दोन-तीन मुळं चार-पाच सेंटीमीटर झाली की तीन इंची कुंडीत टप्पा ६ प्रमाणे लावा, आणि त्या वर्षी दांडा आला तर तो लहान असतानाच खुडून टाका.